तांड्याचा स्तंभ

उमरखेड, ६ जानेवारी २०२५

ति. इंदुआत्यास,
अर्पिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. गुडघ्याला तेल लावतेस ना?

सातवीला स्तंभालेख शिकवते आहे. पहिल्या दिवशी एकाचा स्तंभ काडीसारखा, तर दुसऱ्याचा देवळाच्या खांबासारखा! आता रुंदी सारखी येते. पण एक पेच पडलाय. आमच्या शाळेत लांबच्या बंजारा तांड्यावरच्या मुली सकाळच्या एसटीने येतात आणि ती हल्ली कधी येते, कधी नाही. मुलांनी अर्ज केला, तर एसटीचे साहेब म्हणाले, बस नसली तरी तुमची शाळा भरलेलीच असते. वीस तारखेला ते स्वतः येणार आहेत. त्यांना दाखवायला मलिकाने, गॅरेजवाल्या जफरभाईंच्या मुलीने, बस आलेल्या आणि न आलेल्या दिवसांच्या हजेरीचा आलेख काढला. पण उभा अक्ष शून्याऐवजी शंभरापासून सुरू केला. त्यामुळे एवढासा फरक डोंगराएवढा दिसतो. मुख्याध्यापक पुंडलिकराव खूश. म्हणाले, राहू द्या, काम होईल. मी काय करू? बस तर यायलाच हवी.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी, अर्पिता

कळंब, १० जानेवारी २०२५

चि. अर्पितास अनेक आशीर्वाद.

गुडघा बरा आहे, तेल संपलं. जन्मभर गणित शिकवलेल्या आत्याले तू उत्तर विचारून राह्यली की हिंमत? उत्तर तर तुले माहीतच आहे. बसची गरज खरी आहे ना? मग आलेख खोटा कायले? साहेबाने अक्षावर बोट ठेवलं, तर पोरगी सगळ्यांसमोर खोटी पडेल. तिले रागावू नको. शून्यापासून काढायला लाव आणि फरक लहान काहून झाला, हे तिलेच शोधू दे. पुंडलिकरावांशी मात्र तू बोल. जेवत जा वेळेवर.

पत्राची वाट पाहून राह्यली,
इंदुआत्या

उमरखेड, ३ फेब्रुवारी २०२५

ति. इंदुआत्यास,
शि. सा. न.

मलिकाने शून्यापासून आलेख काढला आणि दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखे झाले. वर्गाचे चेहरेच उतरले. पुंडलिकराव म्हणाले, पाहा, मी सांगत होतो. मी म्हटलं, सर, दोन दिवस द्या.

दुसऱ्या दिवशी मलिका धावतच आली. म्हणे, बाई, आपलं चुकलं कुठं माहीत आहे? गावातली पोरं पायी येतात, त्यांना अन् तांड्यावरच्या मुलींना आपण एकातच मोजलं! मग वर्गाने जोडस्तंभालेख काढला, गावाचा एक रंग, तांड्याचा दुसरा.

साहेब आले. आलेख बराच वेळ पाहत राहिले. बस न आलेल्या दिवसांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, इथे तांड्याचा स्तंभ काढायचा राहिला का? मलिका उठली. म्हणाली, राह्यला नाही साहेब, त्या दिवशी तिकडून कोणीच येऊ शकलं नाही. साहेबांनी अक्ष खालपासून वरपर्यंत तपासला. आत्या, मी मागे उभी होते. अक्ष शून्यापासूनच सुरू होत होता गं.

गेल्या सोमवारपासून बस रोज येते. पुंडलिकरावांनी तो आलेख स्वतःच्या हाताने कार्यालयात लावला. तांड्यावरची भागीरथा आलेखाच्या तासांना नेमकी गैरहजर होती. मलिकाने तिला फळ्यापाशी नेऊन प्रमाण कसं ठरवायचं ते समजावलं, थेट माझ्याच शब्दांत, आणि खडू तिच्या हातात दिला. सोमवारचा तांड्याचा स्तंभ भागीरथाने काढला.

असाच धाक आणि जीव असू दे.
तुझी, अर्पिता