पहिली ओळ

३ जून, सोमवार

हॉस्पिटलच्या ऑपरेशन-प्रतीक्षायादीच्या नऊ टेक्स्ट फाइली, एकेका विभागाची एक, डेटाबेसच्या टेबलात घातल्या. अकरा मिनिटांत! ऑफिसातल्या जुन्या काकूंनी त्या बारा वर्षं सांभाळल्या, ज्याची पाळी आधी त्याची ओळ आधी. "एकदा मोजून बघ गं," म्हणाल्या. मी म्हणाले, "काकू, मशीन मोजतं. तुम्ही चहा घ्या." सगळं ऑफिस हसलं. टेबल नीट चाललं की मी कायम होणार, साहेबांचा शब्द आहे.

५ जून

खिडकीवर एक म्हातारा. चार शब्द बोलला की धाप. हृदयाच्या ऑपरेशनला आता माझाच नंबर, म्हणे. शोधलं. नाव नाही. "यादीत नाही म्हणजे नाही, आजोबा." काय एकेक नमुने येतात.

६ जून

नमुना परत हजर.

१० जून

मेले! फाइली घालताना 'पहिल्या ओळीत रकान्यांची नावं आहेत' या चौकटीवर खूण राहिली होती, म्हणून मशीनने पहिली ओळ मथळा समजून सोडून दिली. काकूंच्या फाइलींत पहिल्या ओळीपासून माणसंच आहेत. म्हणजे प्रत्येक फाइलीतला पहिला, ज्याची पाळी आली होती तोच, गळला. नऊ जण.

हाताने घालता येतील, पण प्रत्येक नोंदीवर माझं नाव आणि आजची तारीख उमटते. काकूंसमोर नाक कापून घ्यायचं? आणि साहेब तर खूश आहेत, सगळ्यात जास्त दिवस ताटकळलेले रुग्ण एकदम कमी दिसतायत.

जुन्या फाइली पुसल्या.

१२ जून

म्हाताऱ्याने साहेबांकडे तक्रार केली. मी म्हणाले, काकूंच्याच फाइलीत घोळ होता. काकूंना तळघरात, जुन्या कागदांपाशी बसवलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

२१ जून

कायम झाले. पेढ्यांऐवजी केक आणला. काकूंनाही पाठवला, तसाच परत आला.

२४ जून

म्हातारा आला नाही, त्याची मुलगी आली. यादीतून नाव काढायचा अर्ज. कारण: मृत्यू.

"नावच नाही, तर काढू काय?"

"मग आधी घाला. नंतर काढा. पोच द्या."

ती हलेना, रांग खोळंबली. घातलं, काढलं, पोच छापली. प्रतीक्षा: शून्य दिवस. खाली माझं नाव.

तिने ती शांतपणे वाचली. "तळघरातल्या काकू म्हणाल्या, पोच घेतल्याशिवाय हलू नकोस. त्यांना नऊही नावं पाठ आहेत."

ती बाजूला झाली. रांगेत मागे आठ घरची माणसं होती, प्रत्येकाच्या हातात अर्ज.