पेनल्टीत अडकलेले संत रोके

तीर्थस्वरूप लेओन्सिओदादा यांस, धाकटा बाल्बिनो दोन्ही हात जोडून आशीर्वाद मागतो. (तिकडे ब्वेनोस आयरेसमध्ये तो मोठ्यानं द्या. मनातल्या मनात दिलेला आशीर्वाद सरहद्दीवर अडकतो, असं आईचं म्हणणं आहे.) तुमची कंबर कशी आहे? विटा उचलताना वाकू नका, उकिडवे बसा. वहिनींना आता तळलेलं चालतं की नाही, तेही कळवा. इकडे गाय बरी आहे, मी बरा आहे, आईचा पाय होता तसाच आहे, आणि संत रोकेही बरे आहेत. ते सध्या आमच्याकडेच असतात.

हे वाचून तुम्ही चष्मा पुसाल, म्हणून सणाच्या दिवशी सकाळी मी काय केलं ते आधी सांगतो. उठलो, चूल पेटवली, येर्बाच्या कडू काढ्यासाठी पाणी ठेवलं. पहिला पेला मी प्यालो, दुसरा आईला दिला, आणि तिसरा भरून कोपऱ्यातल्या लाकडी संतांसमोर धरून उभा राहिलो. घरात माणूस असलं की पेला फिरवायचा, ही हाताची सवय. संत काही बोलले नाहीत. आई खाटेवरून म्हणाली, "अरे, त्यांना गरम लागत असेल, फुंकर घाल." आणि दादा, मी फुंकर घातली. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे, पण सिप्रियानो आणि एव्हारिस्तो आत्ता माझ्या टेबलाच्या दोन बाजूंना बसलेत आणि पत्रात काही गाळायचं नाही अशी दोघांची अट आहे, म्हणून पुन्हा लिहितो. सणाच्या आदल्या दिवशी लोमा आणि कोस्ता या आपल्या दोन वाड्यांचा फुटबॉलचा सामना होतो. जिंकेल त्या वाडीच्या चॅपेलात संत वर्षभर राहतात, आणि संत असतील तिथल्या गुरांना रोग शिवत नाही. सिप्रियानो लोमाचा कप्तान, एव्हारिस्तो कोस्ताचा. पंच मी, कारण आपली आई लोमाची, वडील कोस्ताचे आणि घर दोन्हींच्या मध्ये पुलाशी. त्यामुळे दोन्ही वाड्यांचा माझ्यावर सारखाच अविश्वास आहे, आणि पंचाला तेवढं पुरतं. कोस्ताकडे संत शेवटचे राहिले त्याला इतकी वर्षं लोटली आहेत की त्यांच्या चॅपेलात आता कोंबड्या अंडी घालतात. (एव्हारिस्तो म्हणतो हे खोडा. सिप्रियानो म्हणतो राहू दे.)

यंदा सामना बरोबरीत सुटला. मग पेनल्टी. ओढ्याकडचा गोल घेतला, कारण दुसऱ्या गोलात कुणाचा तरी घोडा बांधलेला होता आणि घोड्याचा मालक प्रवचन ऐकायला गेलेला. आपलं घर त्या गोलाच्या अगदी रेषेत, तुम्हाला आठवत असेल. आई पडवीत खुर्चीत, सुजलेला पाय पाटावर. बराच वेळ दोन्हीकडून सगळेच गोल मारत होते. गोलकीपर दोघंही दमले आणि हळूहळू चेंडूला वाट द्यायला लागले. शेवटी लोमाच्या पोरानं चेंडू थेट झाडात मारला. आता एव्हारिस्तोनं मारला की संत कोस्ताचे.

इथं माझी एक सवय सांगायला हवी. पेनल्टीची शिटी वाजवली की मी छातीवर क्रूस काढतो आणि 'देवा, तुझी इच्छा' म्हणून क्षणभर डोळे मिटतो. उघडतो तेव्हा चेंडू एक तर आत असतो, नाही तर गोलकीपरच्या पोटाशी. पंचाला आणखी काय हवं? पण या खेपेला डोळे उघडले तर चेंडूही नाही आणि गोलही नाही! म्हणजे दोन खांब होते. वरचा आडवा बांबू खाली पडलेला, आणि चेंडू ओढ्यातून गिरक्या घेत दक्षिणेला, तुमच्याच दिशेनं, निघालेला. चेंडू बांबूला लागला आणि बांबू सुटला, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत आहे. पण चेंडू बांबूच्या खालून गेला की वरून? कोस्ताच्या झाडून सगळ्यांनी खालून गेलेला पाहिला. लोमाच्या झाडून सगळ्यांनी वरून गेलेला पाहिला. सिप्रियानोची सासू तेव्हा घरी झोपलेली होती, तिनंही वरूनच गेलेला पाहिला. एव्हारिस्तो माझ्यापुढे येऊन ओरडला, "पंच, बोल!" सिप्रियानो ओरडला, "काय बोलणार? तो प्रार्थना करत होता!" मग दोन्ही वाड्या पहिल्यांदा एका सुरात हसल्या. निकाल लागेपर्यंत संत माझ्या घरी ठेवायचे ठरलं. मलाही ते बरं वाटलं. थोडा वेळ.

दुसऱ्या कुठल्याही चेंडूनं ती पेनल्टी पुन्हा मारायला कोस्ता तयार नाही, कारण वाहून गेलेल्या चेंडूला पाद्रीबाबांनी सामन्याआधी आशीर्वाद दिला होता. नवा चेंडू आला तर त्यालाही ते देतील. तो येईपर्यंत हात जोडून बसायचं नाही, दुसरा मार्ग शोधायचा, असं शाळेतल्या बाईंनी सुचवलं आणि तिथून माझी झोप गेली. बाई म्हणाल्या, कॉर्नर मोजा, ज्याचे जास्त तो जिंकला. पण कॉर्नर मोजले होते कुणी? प्रत्येक वाडीनं आपापले मोजले होते आणि समोरच्यांना एकही मिळालेला नव्हता. मग मी भीत भीत पाद्रीबाबांना म्हणालो, नाणं उडवू या. ते मोटारसायकलवर बसले होते, ते खाली उतरले. म्हणाले, "बाल्बिनो, क्रुसाखाली बसून प्रभूच्या कपड्यांसाठी चिठ्ठ्या कुणी टाकल्या होत्या?" मी म्हणालो, "शिपायांनी." ते म्हणाले, "मग?" आणि निघून गेले. दादा, त्या दिवसापासून मी खिशात नाणं ठेवायलाही घाबरतो.

सिप्रियानोनं शहरात कुठंतरी ऐकलं होतं की गोल होईपर्यंत खेळायचं आणि मधून मधून दोन्हीकडचा एकेक गडी बाहेर काढायचा. करून पाहू म्हणून पोरांच्या प्लास्टिकच्या चेंडूवर खेळले. गडी कमी होत होत शेवटी दोन्हीकडचे नुसते गोलकीपर उरले. चेंडू मैदानाच्या मधोमध. जो पुढे जाईल त्याचा गोल उघडा पडणार, म्हणून दोघंही आपापल्या खांबांमधून हलेनात. वाडीतली माणसं ओरडून थकली, खाली बसली, तेरेरेचा, म्हणजे गार येर्बाचा पेला फिरू लागला, तरी चेंडू मध्येच. अखेर धार काढायची वेळ झाली आणि आपलीच गाय येऊन चेंडू हुंगून गेली. (तिनं तो लोमाच्या बाजूला किंचित ढकलला, असं एव्हारिस्तोचं म्हणणं आहे. मी ते विचारात घेतलं नाही.)

एव्हारिस्तोची युक्ती वेगळी. तुम्हाला ठाऊक आहे, संतांच्या पायाशी बसलेला कुत्रा वेगळ्या लाकडाचा आहे आणि खुंटीनं बसवलेला आहे. तोच कुत्रा, रानात आजारी पडलेल्या संतांना चालवेना तेव्हा रोज पाव आणून देणारा, तोंडात पावाचा तुकडा धरलेला. एव्हारिस्तो म्हणाला, संत कोस्ताला, कुत्रा लोमाला, भांडण मिटलं. सिप्रियानो दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही.

मग मीच, देव मला क्षमा करो, पवित्र पुस्तकातली गोष्ट काढली. कराराचा कोश, देवाची ती पवित्र पेटी, गाडीत ठेवून गाई मोकळ्या सोडल्या आणि देवानं त्यांना बरोबर वाट दाखवली, ती. सगळ्यांना पटलं. तिसऱ्याच गावाचे बैल आणले, ज्यांना लोमाही ठाऊक नाही आणि कोस्ताही. संतांना गाडीत बसवलं, गाडीवान नाही, कासरा मोकळा. दोन्ही वाड्या मागून गुडघे टेकत टेकत. बैल पुलापर्यंत आले, थांबले, विचार केला, आणि सरळ आपल्या अंगणात शिरून आईच्या खुर्चीपाशी उभे राहिले! म्हणजे काय, दादा? देवाची इच्छा म्हणायची की आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बैलाला मांदिओकाच्या कंदांच्या साली चारते म्हणून? मी रात्रंदिवस यावर विचार करतो. एकदा वाटतं हे, एकदा वाटतं ते. मात्र दोन्ही वाड्या आता माझ्याकडे एकाच प्रकारे बघतात.

म्हणून आमचं तिघांचं ठरलं की तुम्हाला लिहायचं. एक चांगला कातडी चेंडू तिथून पाठवावा. फार उसळणारा नको (सिप्रियानो), फार जडही नको (एव्हारिस्तो). तो आला की पाद्रीबाबा आशीर्वाद देतील, बांबू तारेनं बांधू, आणि एव्हारिस्तो तीच पेनल्टी पुन्हा मारेल. मी डोळे उघडे ठेवीन, असं दोघांसमोर लिहून देतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
बाल्बिनो

ता. क. कप्तान दोघंही पत्र वाचून, सही करून गेले. पाकीट चिकटवायचं मात्र माझ्यावर सोपवून गेले, म्हणून लिहितो. दादा, चेंडू पाठवू नका. दुकानं बंद होती म्हणा, काहीही म्हणा. आईचा पाय असा झाल्यापासून तिला एकाही चॅपेलात जाता आलेलं नाही. दोन्ही चढावर, आणि गाडीच्या धक्क्यांनी ती कळवळते. आता तिच्या खाटेसमोर संत उभे आहेत. त्यांनी झगा वर करून मांडीवरची जखम दाखवली आहे ना, तर पहिल्याच दिवशी आईनंही त्यांना आपला पाय उघडून दाखवला. "तुमचं तरी बरं, कुत्रा चाटतो," म्हणाली. दिवसभर त्यांच्याशी बोलत असते. तुमचं, वहिनींचं, मुलांचं नाव घेऊन एकेकाची काळजी त्यांच्यावर सोपवते. जेवते. परवा हसली, मी गोठ्यातून ऐकलं. चेंडू आला की हे संपलं. आणि हे लिहिणारा मी पंच! कोस्ताची वासरं दरसाल दगावतात, एव्हारिस्तोच्या बायकोनं माझ्यासमोर डोळे पुसले, आणि मी एका म्हातारीसाठी संतांना अडकवून ठेवतोय. हे पाप आहे की नाही, ते मला कळत नाही. पाद्रीबाबांना विचारायची हिंमत नाही आणि संतांना विचारावं तर आई ऐकते.

आणखी एक. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. सकाळी आईनं बोलावलं. म्हणाली, "काय खरडत होतास काल?" संतांसमोर खोटं कसं बोलणार, सगळं सांगितलं. तिनं संतांकडे पाहिलं. मग म्हणाली, "अरे वेड्या, हा माणूस जन्मभर पायी यात्रा करत फिरला, आणि एका बांबूपायी माझ्या चुलीशेजारी बसलाय. माझं सगळं सांगून झालं त्यांना. दोनदा. आता तेही कंटाळलेत." मी म्हणालो, पण आई, निकाल? ती म्हणाली, "चेंडू खालून गेला."

दादा, गोलाच्या रेषेत तिची खुर्ची! सगळी दुनिया मैदानात एकमेकांच्या गळ्याला धरून उभी, आणि नेमकं बघणारी पडवीत एकटी. तिला कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. मी म्हणालो, "मग इतके दिवस बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तू का चेंडू नको म्हणून लिहिलंस?" मग स्वतःच म्हणाली, "लोमा माझं माहेर. माहेराच्या विरुद्ध मी खोटं कशाला सांगू? जा, वाजव."

मी पुलावर गेलो आणि शिटी वाजवली. लांब, गोलची. दोन्ही वाड्यांतून माणसं धावत आली. सिप्रियानो धापा टाकत म्हणाला, "ही कशाची?" मी म्हणालो, "एव्हारिस्तोच्या पेनल्टीची. गोल आहे." तो म्हणाला, "आत्ता?" मी म्हणालो, "डोळे आत्ता उघडले." कुणी सांगितलं ते मी सांगितलं. आईचं नाव ऐकून सिप्रियानोनं टोपी काढली आणि पुन्हा घातली. लोमाच्या लेकीवर लोमा काय आरोप करणार?

शेवटचं. तेव्हा चेंडू नकोच. त्याऐवजी लाकडाला लावायच्या तपकिरी रंगाची एक छोटी डबी पाठवा, एका नाकापुरती. झालं असं की दुसऱ्या दिवशी एव्हारिस्तो फुलं बांधलेली गाडी घेऊन आला, दोन्ही वाड्यांनी मिळून संतांना उचललं, आणि गाडीत ठेवल्यावर तो म्हणाला, "बाल्बिनो, पायाशी जागा रिकामी दिसते. कुत्रा?" मी म्हणालो, "तुझीच युक्ती, एव्हारिस्तो. संत कोस्ताला, कुत्रा लोमाला." तो डोकं खाजवत म्हणाला, "पण मग तो लोमात कुठाय?" मी खिडकीतून आत बोट दाखवलं. आई खाटेवर बसली होती आणि पावाचा तुकडा धरलेला तो कुत्रा तिच्या मांडीवर होता. तिचा अंगठा त्याच्या नाकावरून फिरत होता, तिथला रंग केव्हाच उडालाय. सिप्रियानो खिडकीशी आला, आत डोकावला, मग लोमाच्या माणसांकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "बरोबरी!" एव्हारिस्तोनं बैलांना हाक दिली आणि गाडी पुलावरून निघाली. खुंटी मी पहाटेच काढली होती.