गाण्यातल्या मुलीचं म्हणणं

गुडगाव
५ ऑक्टोबर १९९७

चि. पद्मजास,
अनेक आशीर्वाद. नव्या फ्लॅटमध्ये फोन अजून लागलेला नाही. बिल्डर म्हणतो दिवाळीपर्यंत लागेल, कुठल्या दिवाळीपर्यंत ते सांगत नाही. म्हणून हे पत्र.

आमची अपूर्वा तुझ्याकडे राहायला येऊन महिना होत आला. पोरीने साखरपुडा मोडला, आणि कारण विचारलं तर ‘मला नको’ याच्यापुढे शब्द नाही. अलकाने समजावून पाहिलं, मी रागावून पाहिलं. भाऊसाहेबांशी आपली महाराष्ट्र मंडळातली जुनी ओळख, त्यांच्यासमोर आता मान वर करायची सोय उरली नाही.

आणि त्यांच्या अंशुमनने काय केलं ते ऐक. त्याने गाण्यांची कॅसेट काढली आहे. त्यातलं एक गाणं सगळीकडे वाजतंय, टीव्हीवरसुद्धा दाखवतात. ती पाषाणहृदयी, मागे वळून न पाहता निघून गेली, आणि तो तिच्या हिरव्या बांगडीचे तुकडे खिशात घेऊन फिरतोय, असं ते गाणं आहे. हिंदी गाण्यात हिरवी बांगडी! साखरपुड्याला अलकाने भरलेल्या बांगड्यांची त्याने आठवण ठेवली. त्या ओळीला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

तू कॉलेजात ती चारशे वर्षांपूर्वीची सुनीतं शिकवतेस. एकदा मलाही एक समजावलं होतंस, त्यातला कवी असाच झुरत असतो. तर ते सुनीत आणि हे गाणं अपूर्वासमोर शेजारी शेजारी ठेव. असं प्रेम शतकातून एखाद्यालाच मिळतं, हे तिला तुझ्या तोंडून पटेल. भाऊसाहेब अजूनही तयार आहेत, मात्र दिवाळीनंतर थांबणार नाहीत.
तब्येतीला जप. लोभ आहेच, तो भाचीपर्यंतही पोचव.
तुझा,
बळवंतदादा

करोल बाग
९ ऑक्टोबर १९९७

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि. तू सांगितलेला अभ्यास केला. कॅसेट विकत घेतली, सुनीत काढलं, दोन्ही जेवणाच्या टेबलावर ठेवली. उठले तेव्हा जेवायची वासना उरली नव्हती. इतकी किळस मला आजवर परीक्षेच्या पेपरांनीही आणली नाही.

आधी तुझं गाणं. ‘दिल’ला ‘कातिल’ जुळवायचं, सिंथेसायझरवर बासरी वाजवायची, आणि मधेमधे हुंदका. हुंदका तालात आहे दादा, नीट ऐक. टीव्हीवर तर पांढऱ्या शिफॉनमधली एक मुलगी मोकळ्या रस्त्यावरून चालत जाते. अपूर्वाने ते एकदाच पाहिलं आणि भरल्या ताटावरून उठली. खालच्या कॅसेटवाल्याकडे ते दिवसभर चालू असतं, म्हणून ही या उकाड्यात खिडकी लावून बसते आणि ऑफिसला जाताना कस्तुरबा गांधी मार्गाच्या बसला मागच्या गल्लीने जाते.

आता सुनीत. कवी तिच्या खिडकीखाली मेणबत्तीसारखा जळतोय आणि ती आत खुशाल झोपली आहे, अशी तक्रार. कारागिरी उत्तम आहे, यमक घासूनपुसून बसवलेलं. फरक एवढाच की नवव्या ओळीला त्या गृहस्थाला शंका येते, हिने आपल्याकडे उजेड मागितला होता का? शेवटच्या दोन ओळींत तो ती शंका झटकतो आणि तिला दगड म्हणून मोकळा होतो. पण निदान आली तरी. अंशुमनला तेवढीही आलेली नाही. बाकी दोघे एका माळेचे मणी. तिने नाही म्हटलं की ती क्रूर, हे रडले की हे थोर. आणि तिला दोन्हीकडे तोंड नाही. एकही ओळ नाही. मला या दोघांचाही वीट आलाय, आणि राग येऊ देऊ नकोस, पण थोडा तुझाही.

तुझा जन्म इथल्या केंद्रीय मंत्रालयात फायली लिहिण्यात गेला. एखाद्या कारकुनाविरुद्ध तक्रार आली तर त्याचं म्हणणं मागवल्याशिवाय तू फाईल वर पाठवतोस का? एकदा कोणा साहेबाने घाई केली तेव्हा तू त्याच्याशी भांडला होतास, ते आम्ही कौतुकाने सगळ्यांना सांगतो. इथे तक्रार तबल्यावर आली म्हणून थेट हुकूम काढतोस? अपूर्वाचं म्हणणं मागव. समजवायचं काम मी करणार नाही.
वहिनीला नमस्कार. एवढं वाचूनही लोभ उरला तर तो असू द्यावा.
तुझी,
पद्मजा

गुडगाव
१३ ऑक्टोबर १९९७

चि. अपूर्वास,
अनेक आशीर्वाद. तुझ्या आत्याचं खरमरीत पत्र पोचलं. दोन दिवस मी तिच्यावर चिडलेला होतो, पण नियम तिने बरोबर सांगितला. तुझं म्हणणं मी मागवलं नव्हतं, फक्त कारण विचारलं होतं आणि उत्तराच्या आधीच बोलायला लागलो होतो. तेव्हा लिहूनच कळव, म्हणजे मला मधे तोडता येणार नाही. पूर्ण वाचल्याशिवाय मत देणार नाही.
आई खुशाल आहे. पाण्याच्या टँकरवाल्याशी तिचं रोज भांडण होतं, त्यात तिचं हिंदी सुधारतंय.
तुझा,
बाबा

करोल बाग
१७ ऑक्टोबर १९९७

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. तुम्ही मागितलंत म्हणून लिहिते. बिल्कुल जसं झालं तसं.

ऑगस्टमध्ये अंशुमन मला ऑफिसातून घरी सोडायला यायचा. एकदा आपल्या सेक्टरच्या अलीकडे, जिथे नुसते रिकामे प्लॉट आहेत, तिथे त्याने गाडी थांबवली आणि किल्ली काढून खिशात टाकली. म्हणाला, नोकरी सोडते असं कबूल कर, मगच गाडी निघेल. मी नाही म्हटलं. मग तो रडायला लागला. खूप रडला. रडत असताना त्याने माझं मनगट धरलं होतं आणि तो ते पिळत होता. बांगड्या तेव्हा फुटल्या. काच आत गेली. मी सोड म्हणत होते आणि तो म्हणत होता की बघ, तू मला काय करायला लावतेस. हातावर जे उठलं त्याला मराठीत वळ म्हणतात, हे आत्याला विचारून लिहिते आहे.

कसातरी हात सुटला. दार उघडून मी हायवेकडे चालत सुटले. मागे वळून पाहिलं नाही, हे गाण्यात आहे ते खरं आहे बाबा. गाडी मागून येत असेल तर ती मला बघायची नव्हती.

आईने मनगट पाहून विचारलं होतं. मी म्हटलं, गाडीच्या दारात सापडलं. तुमच्या दोघांच्या तोंडून अंशुमन किती हळवा आहे हे रोज ऐकत होते, मग कोणत्या तोंडाने सांगणार होते? तुम्हाला त्या तुकड्यांच्या ओळीला रडू आलं हे आत्याने सांगितलं तेव्हा मला बाथरूममध्ये जाऊन उलटी झाली. त्याने ते तुकडे जपून ठेवलेत आणि लोक त्यावर टाळ्या वाजवतात. मला घाण वाटते, त्याची, त्या गाण्याची, आणि कधीकधी माझ्या हाताचीसुद्धा.

म्हणणं एवढंच आहे. मला हे लग्न करायचं नाही.
आईला सांगा किंवा नका सांगू, तुम्ही ठरवा. माया कमी करू नका.
तुमची,
अपूर्वा

गुडगाव
२१ ऑक्टोबर १९९७

चि. अपूर्वास,
अनेक आशीर्वाद. पत्र पूर्ण वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची हिंमत झाली नाही.

काल मी भाऊसाहेबांकडे गेलो होतो. आत तेच गाणं लावलेलं होतं. मी ते आधी बंद करायला सांगितलं, मग जे सांगायचं ते सांगितलं. अंशुमन घरात होता, बाहेर आला नाही. भाऊसाहेब म्हणाले की पोराच्या हातून घडलं असेल, पण मनात किती प्रेम आहे बघा, गाणं लाखो लोकांनी डोक्यावर घेतलंय. मी म्हटलं, जिच्यावर ते रचलं तिने नाही म्हटलंय, आता लाखांच्या मताचं मला काही करायचं नाही. साखरपुड्याची अंगठी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि चहा न घेता उठलो. मंडळात यापुढे कोणी विचारलं तर लग्न आम्ही मोडलं असं मीच सांगेन, तुला कोणाला तोंड द्यायचं नाही. मात्र खिशात काच घेऊन फिरणाऱ्या माणसाला मी ‘जावई’ म्हणणार होतो, याची शिसारी माझ्या अंगावरून अजून जात नाही.

तुझं पत्र मी तुझ्या आईच्या हातात दिलं, तिने सगळं वाचलं. ती रडली नाही. टँकर आला तरी खाली उतरली नाही. मग म्हणाली की गाडीच्या दारात हात सापडला तर मनगटाभोवती असा गोल वळ उठत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रविवारी ती बसने तुझ्याकडे येते आहे. मनगटाचं ती पुन्हा विचारणार आहे. या वेळी तिला खरं काय ते तुझ्या तोंडून सांग.
तुझा,
बाबा