दाजीपूरचे तीन उपास

सोलापूर,
शुक्रवार, ता. ५ नोव्हेंबर १९७६

चि. सौ. विजयमाला हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, तर सगळं वाच. मध्येच ठेवून देऊ नकोस. दोन वर्षांनी लिहिते आहे, त्यामुळे जरा लांबेल. वरचं 'सौ.' लिहिताना पेन थोडं अडखळलं, पण लिहिलं.

इकडे सर्व ठीक. नळाला एक दिवसाआड पाणी. शेजारच्या सोजरबाईंचा गुडघा धरला आहे, तरी त्यांनी दिवाळीत चार घरांच्या चकल्या करून दिल्या आणि प्रत्येक घरी जाऊन बाकीच्या तीन घरांची भाजणी कशी बिघडली होती तेही सांगून आल्या. माझी एक दाढ काढावी लागली. बाकी प्रकृती उत्तम. शाळेत यंदा आठवीची एक तुकडी वाढली, म्हणजे वह्यांचा गठ्ठाही वाढला.

दिवाळी झाल्यावर मी सहलीला जाऊन आले. आमचे शास्त्राचे रावजी सर दर वर्षी चौदा-पंधरा माणसं गोळा करून कुठल्यातरी जंगलात नेतात, हे तुला आठवत असेल. झाडं बघायला इतक्या लांब कशाला जायचं, असं म्हणून मी त्यांची चेष्टा करायची. यंदा मीच जाऊन नाव दिलं. सर इतके चकित झाले की हातातला खडू खाली पडला. कोल्हापूर, राधानगरी आणि तिथून वर दाजीपूर. वनखात्याच्या बंगल्यात मुक्काम, कोंडीबा नावाचा स्वयंपाकी, आणि जंगल दाखवायला वनखात्याचा रखवालदार. गुरुवारी निघालो, सोमवारी परत आलो.

रखवालदाराचं नाव सिद्धनाथ. तुझा नवरा.

मला हे आधीपासून माहीत होतं. गेल्या वर्षी सर तिथूनच आले होते. शिक्षकांच्या खोलीत सांगत होते, "काय माणूस आहे! मूळचा सांगोल्याकडचा, मेंढपाळाचा मुलगा. बायको सोलापूरची, शिकलेली म्हणे." मी वह्या तपासत होते. तपासतच राहिले. वर्षभर मी तो विषय कुणाकडे काढला नाही. यंदा सर पुन्हा तिकडेच निघाले, तेव्हा यादीत माझं माहेरचं आडनाव घालायला सांगितलं. म्हटलं, बँकेचं खातं त्या नावावर आहे. सर भोळे, त्यांना ते पटलं. तर गवे बघायला मी गेले नव्हते, जावई बघायला गेले होते. तू त्याला दाराशी घेऊन आलीस तेव्हा मी आतून कडी लावली होती, त्यामुळे त्यानं मला कधी पाहिलेलं नव्हतं आणि मी त्याला. सोयच झाली.

आता जंगलाचं सांगते. आपल्याकडे झाड म्हटलं की ते एकटं असतं, त्याच्याखाली कुणीतरी बसलेलं असतं. तिथे झाडांनाच उभं राहायला जागा नाही. भर दुपारी दिवेलागणीसारखं वाटतं. परतीचा पाऊस लांबल्यामुळे सगळं ठिबकत होतं. मी इथून सोलापुरी चादर नेली होती, ती पहिल्याच रात्री दमट झाली ती घरी येईपर्यंत वाळली नाही. आणि नेला फिरकीचा तांब्या. बंगल्याच्या विहिरीवर काठोकाठ भरून घ्यायचा आणि दिवसभर पोटाशी धरून चालायचं. चहूकडे ओढे वाहताहेत आणि मी अशी. सिद्धनाथ म्हणाला, "बाई, पानी हितं लई हाय. ओझं कशाला?"

मी म्हटलं, "बहात्तर सालचे टँकर बघितलेत आम्ही."

"आमी बी बघितल्यात," तो म्हणाला. "मेंढरं बी बघितल्यात, मेलेली." मग पुढे चालायला लागला.

हा माणूस चालतो कसा, ते मी शुक्रवारी दिवसभर बघितलं. काठी मानेमागून दोन्ही खांद्यांवर आडवी, हात तिच्यावरून सोडलेले. वळणावर थांबायचं आणि आम्हाला दोन-दोन करून मोजायचं, ओठ हलवत. मोजणी जुळली की पुढे. मेंढरांची सवय, दुसरं काय. चौदा शिकलेली माणसं मेंढरांसारखी मोजली जाताहेत आणि कुणाला त्याचा पत्ता नाही. मला हसू आलं. हसू आल्याचा रागही आला.

जळवांची गंमत सांगायची राहिली. बँकेतले रामहरी पाय झाडत नाचायला लागले तेव्हा सगळे मीठ शोधत होते, आणि मीठ कोंडीबाकडे बंगल्यावर. मग मला कमरेची डबी काढावी लागली. वीस वर्षं शाळेत कुणाला कळू न देता मिश्री लावते आहे, ते त्या जळवांनी उघडं पाडलं. जळवा मात्र चिमटीसरशी गळून पडल्या. तेव्हापासून सर मला फारच आदरानं वागवताहेत.

दुपारी एका ओढ्यावर बसलो. कोंडीबानं दिलेला डबा रामहरी बंगल्यावरच विसरले होते. सिद्धनाथनं आपलं फडकं सोडलं आणि मध्ये ठेवलं. ज्वारीच्या भाकरी आणि शेंगांची चटणी. "घरनं जास्तीचंच देती ती," म्हणाला. सगळ्यांनी तुकडा-तुकडा खाल्ला, वाखाणला. मी म्हटलं, "माझा शुक्रवार आहे."

शुक्रवार मी कधीच करत नाही, तुला माहीत आहे. विजू, चटणीचा वास मला चार हातांवरून आला. लसूण जास्त, उखळात कुटलेली, तेल सुटेपर्यंत. मला भूकही लागली होती. पण मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. माझे वडील तू होईपर्यंत माझ्याकडे यायचे ते आपली भाकरी फडक्यात बांधून. तेच माझ्या अंगात.

संध्याकाळी बंगल्याच्या ओट्यावरून त्यानं सरांना समोरचा डोंगर दाखवला. "त्यो पत्रा दिसतुया न्हवं, ते माझं घर. तीन मैल." पत्र्यावरून धूर निघत होता. सगळे आत चहाला गेले. मी दिसेनासं होईपर्यंत तिथे उभी होते. तीन मैल म्हणजे शाळेत जाऊन-येऊन होतात तेवढेच. गेले नाही.

शनिवारी गवे दिसले. त्याआधी त्यानं सगळ्या बायकांना बांगड्यांवर रुमाल बांधायला लावले, वाजू नयेत म्हणून. माझ्या मोकळ्या हातांकडे बघितलं आणि पुढे गेला. मग एकाएकी तो खाली बसला, म्हणून आम्ही बसलो. कारवीच्या झुडपांपलीकडे सतरा गवे. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे, आणि पाठी आपल्या घराच्या दारापेक्षा उंच. सरांना आणखी पुढे जायचं होतं. एक गाय बाजूला एकटी उभी होती आणि तिच्या पोटाखाली तांबूस वासरू. सिद्धनाथनं काठी आडवी धरली.

"म्होरं न्हाय जायाचं, सर."

"अहो, पण इतक्या लांबून आलोय आम्ही!"

"व्हय. पर वासरू चार दिसाचं हाय. आईला हलवायची न्हाय." आणि आमच्याकडे पाठ करून तो त्या गाईच्या आणि आमच्या मध्ये उभा राहिला. सर परतीच्या वाटेवर सगळ्यांच्या मागून पाय आपटत चालले. मला मात्र तो आवडला. लिहून टाकते म्हणजे सुटले: तो मला शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला आवडला. दुपारी त्यानं फडकं सोडलं तेव्हा मी मारुतीचा शनिवार सांगितला.

रविवारी कुठला उपास काढायचा? मी खंडोबाचं नाव घेतलं. तिथे माझं चुकलं. सांगोल्याच्या धनगराला खंडोबाचा रविवार सांगायचा म्हणजे तेल्याला तेल विकण्यातला प्रकार. तो हसला, पण लोकांसमोर बोलला नाही. बाकीचे ओढ्यात पाय सोडून बसले होते. तो फडकं घेऊन माझ्यापासून थोडा लांब, दगडावर येऊन बसला.

"बाई, एक इचारू? सकाळी कोंडीबाच्या हातचं पोहं खाल्लं की तुमी."

मी तांब्याची फिरकी घट्ट करत राहिले.

"तीन दिस बघतोय. तुमी समद्यांचं खाता. माझ्या घरचंच तेवढं खात न्हाय. पानी बी आपल्याच तांब्यातलं. परकी बाई असती तर खाल्लं असतं की तिनं." मग खाली बघत म्हणाला, "मला वाटलं हुतं, तुमी मला जावई मानत न्हाय. मानता की."

दोन वर्षं मी तुझं लग्न झालंच नाही असं धरून चालले होते, आणि रीत मात्र लग्न झालेल्या मुलीच्या आईची पाळत होते! शाळेतल्या एकाही इन्स्पेक्टरनं माझी चूक अशी पकडली नव्हती. सिद्धनाथरावांनी फडकं माझ्या पुढ्यात सरकवलं.

"खावा आता. हरकत न्हाय. मूल झालं हुतं आमाला. गेल्या साली, श्रावणात. पोरगी. अकरा दिस हुती. जगली न्हाय, पर झाली हुती. रीत पुरी झालीया, आई."

दोन भाकरी होत्या. दोन्ही मी खाल्ल्या. सिद्धनाथराव दिवसभर उपाशी राहिले असणार, हे मला सोमवारी बसमध्ये ध्यानात आलं.

बाकीचं मी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. श्रावणात रस्ता वाहून गेला होता, एसटी आठ दिवस बंद होती. वाडीतल्या सुईणीनं घरीच सोडवलं. मुलगी पहिल्यापासून अशक्त होती. आणि ज्येष्ठात तू मला पत्र टाकलं होतंस, पहिलं बाळंतपण माहेरी करशील का, असं विचारायला. ते तुझं तिसरं पत्र. पहिली दोन मी न फोडता परत पाठवली होती. तिसरं आलं तेव्हा मी दारातच उभी होते. पोस्टमन म्हणाला, "बाई, या वेळी तरी घ्या." मी त्याला म्हटलं, "लिहा, घेण्यास नकार." त्यानं माझ्यासमोर लिहिलं.

पहिलं बाळंतपण करणं हे आईचं काम. तू इथे असतीस तर डॉक्टर दहा मिनिटांवर होता. तरीही ती जगली असती की नाही, मला माहीत नाही, कुणालाच माहीत नसेल. पण तू ओल्या घरात, परक्या सुईणीच्या हातात एकटी होतीस, ते माझ्यामुळे. सिद्धनाथराव तसं म्हणाले नाहीत. अर्ध्या शब्दानंसुद्धा नाही. मी म्हणते. माझ्या हातून वाईट झालं, विजू. याला दुसरा शब्द नाही.

"चला घरी," ते म्हणाले. "बस सकाळी हाय. रातच्याला तिच्याजवळ ऱ्हावा." मी गेले नाही. कुठल्या तोंडानं यायचं? वीस वर्षं वर्गात मुलींना धाडसाचे धडे वाचायला लावते, आणि तीन मैल चालायचं धाडस झालं नाही. उलट त्यांना शपथ घातली की तुला काही सांगू नका, मीच लिहीन. त्यामुळे त्यांनी लपवलं म्हणून त्यांच्यावर रागावू नकोस. रिकामं फडकं घरी आलं तेव्हा तू काय विचारलंस आणि त्यांनी काय थाप मारली, ते मला जाणून घ्यायचं आहे.

हे पत्र तू परत पाठवलंस तर मी काही म्हणणार नाही. तेवढा तुझा हक्क आहे. ठेवून घेतलंस तर एवढंच कळव की मी येऊ का. नाताळाची सुट्टी आहे, आणि सुट्टी नसती तरी रजा आहे. तुला इकडे यावंसं वाटलं तर दोघं या. कडी मी काढून टाकलेली नाही, चोरांसाठी लागते, पण लावणार नाही.

आणखी एक. बारशाच्या आदल्या दिवशी ती गेली, म्हणून नाव ठेवलं नव्हतं, असं सिद्धनाथराव म्हणाले. ते पुरुषांचं झालं. तू पोटात होतीस तेव्हा मी तुला सातव्या महिन्यापासून एका नावानं हाक मारत होते, तुझ्या वडिलांनाही ते शेवटपर्यंत माहीत नव्हतं. तूही मारली असशील. ते नाव मला लिहून पाठव. मी ते कुणाला सांगणार नाही. मला फक्त तिला एकदा हाक मारायची आहे.

तुझी आई,
आणि तिची आजी,
वच्छला