गळ्यात टेप असेल तिनं बोलावं

मी, खाली सही करणारी, कपडे शिवून संसार ओढलेली बाई, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून हातात पेनही दिलेलं नाही. वकिलांनी माझी वाक्यं सरळ केली होती, ती मी पुन्हा माझ्यासारखी करून घेतली. याआधी कुठे काही लिहिलं असेल तर ते रद्द समजावं.

१. राहतं घर दोन्ही मुलांना निम्मं निम्मं. स्वयंपाकघर सामाईक. त्यावरून भांडायचंच असेल तर माझ्या फोटोसमोर भांडू नये.

२. बँकेतल्या शिलकीतून माझं औषधपाणी भागवून उरेल ते नातवंडांच्या शिक्षणाला.

३. रुग्णालयाच्या फाटकासमोरचं शिलाईचं दुकान माझं स्वकष्टार्जित आहे. ते माझ्या पश्चात धाकट्या सुनेचं. ती त्याच रुग्णालयात सिस्टर आहे.

थोरल्याला हे रुचणार नाही. तो म्हणतो, दुकान मोबाइलवाल्याला भाड्यानं दे, सिस्टर लोकांनी पेशंट बघावेत, त्यांना राजकारण कशाला? त्याला मी म्हटलं, "अरे, रात्री वॉर्डात किती जणी ठेवायच्या हे पेशंट ठरवतो का? ते वर ठरतं. मग वर जायला नको?" तो चहा न घेताच गेला. पुन्हा आला की त्याला हे कलम वाचून दाखवावं आणि चहा द्यावा.

दुकान कशाला जपायचं ते सांगते. पूर्वी आवारात सिस्टरांनी घोळका करून बोलायचं नाही, असा हुकूम होता. पण युनिफॉर्मचं माप द्यायला कोण मनाई करणार? त्या माझ्याकडे येऊ लागल्या. सगळ्या एकदम बोलायच्या, कुणाचं कुणाला कळेना. शेवटी मीच नियम केला, टेप जिच्या गळ्यात तिनं बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं. रात्रपाळीला एका वॉर्डात दोघी तरी हव्यात, हे मागणं याच टेबलावर लिहिलं गेलं.

एकदा मेट्रन, म्हणजे मोठ्या बाई, दारात येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांची तोंडं उतरली. मी म्हटलं, "आलाच आहात तर माप देऊन जा," आणि टेप त्यांच्या गळ्यात घातली. नियम म्हणजे नियम. बाईंनी टेपची दोन्ही टोकं हातात धरली. मग म्हणाल्या, "मीही रात्रपाळीला एकटीच असायचे. एकाला सलाइन लावत होते, तेवढ्यात पलीकडचा गेला. त्याची हाक मला ऐकू आली होती." मागणीच्या कागदावर पहिली सही त्यांची पडली. दुसरी सिस्टर मिळायला वर्षं गेली, पण मिळाली.

आता यंदा पहिल्यांदाच रुग्णालयाच्या कारभारी मंडळावर सिस्टरांनी निवडलेली एक जण बसणार आहे, मताच्या हक्कासह. सुनेनं अर्ज भरलाय आणि तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा नाही. हरले तर लांब बदली करतील, जिंकले तर घराकडे कोण बघेल, म्हणते. अर्ज मागे घ्यायला मंगळवार संध्याकाळपर्यंत मुदत आहे. म्हणून हे स्वच्छ लिहिते, की ती उभी राहिली तरी दुकान तिचं आणि अर्ज मागे घेतला तरी तिचंच. माझ्या देण्याला अट नाही. धाकट्यानं मात्र भाकरी थापायला शिकावं, ती अट आहे.

४. <s>खुंटीवरची मापाची टेप धाकट्या सुनेला.</s>

५. पायमशीन काजं-बटणं करणाऱ्या पोरीला. मी कुणाकडे शिकले नाही, जुने कपडे उसवून शिकले. तिनंही बेधडक उसवावं.

६. समोरचा स्टेशनरीवाला आमच्या बैठकांच्या चहाड्या रुग्णालयात करायचा. त्याला माझा लांबचा चष्मा द्यावा. इतकी वर्षं बिचाऱ्याला काचेतून नीट दिसत नव्हतं. माझा राग संपला.

७. खिडकीजवळची खुर्ची थोरल्याला, ती दुकानातच ठेवावी. बैठकीला येऊन बसावं, ऐकावं. एखाद दिवशी टेपही मागावी.

खुलासा: कलम ४ मी आज खोडलं, कारण ती वस्तू आता माझी राहिलेली नाही. मुदत संपली, अर्ज तसाच राहिला आणि सून ड्यूटीवरून थेट दुकानात आली. सिस्टर जमल्या होत्या, नेहमीसारख्या एकदम बोलत होत्या. तिनं खुंटीवरची टेप काढली आणि स्वतःच्या गळ्यात घातली. खाडाखोडीवर माझी आणि साक्षीदारांची आद्याक्षरं आहेत.

साक्षीदार:
१. निवृत्त मेट्रन. (ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं, असं वकील म्हणाले. "म्हणजे मला काहीच नाही?" असं बाईंनी विचारलं आणि सही केली.)
२. शेजारचा इस्त्रीवाला.

सही: कपडे शिवणारी
ठिकाण: दुकानातलं कापायचं टेबल
दिनांक: तोच मंगळवार, दिवे लागल्यावर. सून अजून बोलते आहे.