लाहूचा प्रायश्चित्तकाळ

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळावरची राख अजून पुसलेली नाही. घरी येताना मुद्दाम तलासरी नाक्यावरून चालत आलो. लोकांना दिसली पाहिजे.

आज मिस्सेनंतर अपमान. फादर म्हणाले, ईस्टरआधीच्या या प्रायश्चित्तकाळात पालकांनी एक काम करायचं. मुलं मोबाईलवर, टीव्हीवर काय बघतात तिकडे लक्ष द्यायचं, त्यांना ख्रिस्ती वळण लावायचं. त्यासाठी एक पालक गट आणि गटाला एक प्रमुख. मी घसा साफ केला, कॉलर नीट केली, हात वर करणार तेवढ्यात फादर म्हणाले, लाहू, तू बघशील का?

लाहू! नाक्यावर मोबाईलची कव्हरं विकणारा आणि चर्चमध्ये ढोलकी बडवणारा लाहू. हा आमच्या मुलांना मोबाईलपासून वाचवणार. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. मी कासाला शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. शिक्षणक्षेत्रातला माणूस समोर बसलेला असताना!

गेल्या वर्षी पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे धुतले तसे, फादरांनी ज्या बारा जणांचे पाय धुतले त्यातही हाच होता. मी दर वर्षी त्या आठवड्यात नखं कापून, टाचा घासून तयार असतो. माझे पाय कोणाला दिसत नाहीत.

प्रभूने शत्रूला क्षमा करायला सांगितलंय. करणारच. पण आधी लाहूची एकदा चांगली जिरवायची, मग निवांत क्षमा करायची.

म्हणून तिथेच उभं राहून जाहीर केलं, या नविनच्या घरी ईस्टरपर्यंत टीव्ही बंद, मोबाईल बंद. अख्ख्या कुटुंबाचा उपवास. सगळे बघत राहिले. बायकोने, संगिताने, माझ्या दंडाला जोरात चिमटा काढला. भरून आलं असेल तिला.

१९ फेब्रुवारी

संगिताचा मोबाईल कपाटात. माझा ऑफिसच्या कामासाठी राहील.

टीव्हीला पिन टाकून लॉक करायचं ठरवलं. ते कुठून करतात सापडेना. शेवटी लेकीला, निलमला बोलावलं. नववीत आहे, पण बटणं दाबण्यात हुशार. तिने लगेच करून दिलं. आता पिन फक्त मला आणि तिला माहीत. कडेकोट बंदोबस्त.

पाचवीतला आमचा तुषार विचारत होता, क्रिकेट पण नाही का? नाही म्हणजे नाही. संगिताची साडेआठची 'सासर सुडाचं' मालिका गेली. रात्री वरणाला फोडणी नव्हती. उपवास मनावर घेतलेला दिसतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

शत्रूच्या गोटातली बातमी हाती आली. लाहूची शेजारीण रखमी चर्चच्या पायरीवर कौतुकाने सांगत होती. लाहू म्हणे मुलांना घरी बोलावतो, त्यांच्याबरोबर बसून टीव्ही बघतो आणि जाहिराती लागल्या की आवाज बंद करून त्यांना प्रश्न विचारतो. हे चूक का, तू काय केलं असतंस, येशूने काय केलं असतं. रखमी म्हणाली, पोरां लय बोलतात तं, आयकाया मजा येते.

आणि बघतात काय? 'सासर सुडाचं'! नावातच पाप.

सापडला लाहू. आता पुरावा गोळा करायचा. त्यासाठी मालिका बघावी लागेल. नाइलाज आहे. दारू पकडणाऱ्याला बाटलीचा वास घ्यावाच लागतो.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

कासाला जाताना जीपमध्ये इअरफोन लावून पहिला भाग बघितला. भयंकर. चंद्रिका नावाच्या सुनेला सासूने विहिरीत ढकललं आहे. ती वाचते आणि मोलकरीण बनून, नाकाशेजारी एक तीळ लावून, त्याच घरात परत येते. तिळामुळे नवरासुद्धा ओळखत नाही. मुलांच्या मनावर काय परिणाम होणार?

एका भागावर आरोप ठेवणं अन्यायाचं, म्हणून दुसरा बघितला. विवळवेढ्याला देवीचं देऊळ आलं तेव्हा तिसरा चालू होता. संध्याकाळी येताना आणखी. न्यायाने वागायचं तर वेळ लागतोच.

हे उपवासात मोजायचं नाही. हे काम आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

क्रुसाची वाट, येशूच्या दुःखसहनाची चौदा स्थानं. गुडघे टेकले, डोळे मिटले आणि मनात आलं, खिरीत विष नणंदेने घातलं की सासूने? सगळे पुढच्या स्थानाकडे गेले, मी तिथेच गुडघ्यावर. फादरांनी खांद्यावर हात ठेवला. माझी एकाग्रता त्यांच्या लक्षात आली असावी.

लाहू ढोलकीविना गात होता. प्रायश्चित्तकाळात वाद्यं बंद असतात. निदान तेवढी तरी शांतता.

४ मार्च

घरात मोठा बदल. संगिता, निलम आणि तुषार रोज रात्री आठला रखमीकडे रोझरीच्या प्रार्थनेला जातात. मी न सांगता, न ओरडता. साडेनऊला येतात ते चेहऱ्यावर तेज घेऊन. तुषार तर काल जेवताना स्वतःहून म्हणाला, बदला घेऊन माणसाचं काही भलं होत नाही ना पप्पा? पाचवीतला मुलगा! माझ्या टीव्हीबंदीचं हे फळ. लाहूने बघावं.

ती गेली की घर शांत असतं. तपासाला बरं पडतं.

मालिकेचं अ‍ॅप घेतलं. त्यात टीव्हीच्या आधीच पुढचा भाग बघायला मिळतो. तपास करणाऱ्याने शत्रूच्या एक पाऊल पुढे असावं.

७ मार्च

चंद्रिकेकडून एक शिकण्यासारखं आहे. (मालिका वाईटच आहे.) ती शत्रूशी गोड बोलते, त्याला गोड खायला घालते आणि मग घाव घालते.

डहाणूहून आणलेले चिकू घेऊन लाहूच्या टपरीवर गेलो. हसलो. हसण्याचा सराव जीपमध्ये केला होता. लाहू म्हणाला, अरे वा नविनभाऊ, बसा ना. चहा मागवला. माझ्या मोबाईलचं फाटकं कव्हर बघून नवीन घालून दिलं आणि काही घेतलं नाही. वर म्हणाला, तुमची निलम फार हुशार हं, काय बोलते!

निलम? बोलते? घरी तर 'हो' आणि 'नाही' याच्या पुढे जात नाही. आणि ह्याने तिला बोलताना कुठे ऐकलं? मस्का लावायला काहीही बोलतो.

कव्हर चांगलं आहे. तरी हा उपकार त्याच्या खात्यात धरणार नाही.

८ मार्च, रविवार

घाव घातला. मिस्सेनंतर फादरांना गाठून सांगितलं, मला कोणाबद्दल वाईट बोलायचं नाही, पण लाहूच्या घरी आपल्या धर्मग्रामाची मुलं सुडाची मालिका बघतात. विष, विहिरी, खोटे तीळ. फादरांनी विचारलं, तीळ खोटा असतो हे तुला कसं कळलं? मी म्हटलं, ऐकीव.

फादर म्हणाले, शनिवारी आपण दोघं न सांगता जाऊन बघू.

आपण दोघं! घरी येताना शिट्टी वाजवली. प्रायश्चित्तकाळ आहे हे आठवल्यावर बंद केली.

१४ मार्च, दुपारी

आज रात्री. पांढरा शर्ट इस्त्री केला. लाहूचा चेहरा कसा पडेल त्याची कल्पना करून तीनदा समाधान वाटलं.

सोमवारचा भाग अ‍ॅपवर आत्ताच आला. जबरदस्त. म्हणजे, आक्षेपार्ह.

१५ मार्च

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिलं नाही तर लोक आपापल्या पद्धतीने लिहितील.

फादर आणि मी पावणेनऊला लाहूच्या दारात. आत पोरंच पोरं. भिंतीला टेकून रखमी. तिच्या शेजारी संगिता, शेंगा सोलत. लाहूच्या मांडीला मांडी लावून तुषार. आणि टीव्हीच्या अगदी समोर निलम.

संगिताने माझ्याकडे बघितलं आणि शेंगा सोलत राहिली. उठलीसुद्धा नाही.

मी फादरांकडे बघितलं. फादर चपला काढून जमिनीवर बसले! मग मलाही बसावं लागलं.

जाहिराती लागल्या. लाहूने आवाज बंद केला आणि मुलांना विचारलं, आता सासू आजारी आहे, औषधाची बाटली चंद्रिकेच्या हातात आहे. तिने काय करावं? पोरं तुटून पडली. कोणी म्हणे द्यावं, कोणी म्हणे थोडं द्यावं. मग निलम बोलली. म्हणाली, तिने औषध द्यावं आणि त्या घरातून निघून जावं. सूड घ्यायला ती तिथे राहिली आहे ना, म्हणजे ती अजून विहिरीतच आहे.

फादरांनी मान हलवली. माझी मुलगी इतकं बोलते हे मला माहीत नव्हतं. अभिमानही वाटला आणि हे लाहूच्या घरात ऐकावं लागलं याचा भयंकर रागही आला.

त्या रागात तोंडातून गेलं. औषधबिषध काही देत नाही ती, बाटली विहिरीत फेकते. आणि ती सासू नाहीच, सासूची जुळी बहीण आहे. खरी सासू माळ्यावर कोंडलेली आहे!

अशी शांतता गुड फ्रायडेलाही नसते.

निलम मागे न वळता म्हणाली, पप्पा, ते सोमवारचं आहे.

मग रखमी ओरडली, ह्याने तं सगळाच फोडला! पोरं ओरडली. तुषार रडायला लागला. माझा उपवास मोडला म्हणून कोणीच चिडलं नव्हतं. जुळी बहीण फोडली म्हणून चिडले होते. फादर एवढंच म्हणाले, तपास बराच खोलवर गेला तुझा.

लाहू हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्यापुढे शेंगा सरकवल्या.

१६ मार्च

संगिताशी सविस्तर भांडण. तिचं म्हणणं, रोझरी खरंच होते, रखमीकडेच होते. रोझरी संपली की शेजारचं दार लाहूचं. खोटं कोण बोललं?

मी म्हटलं, मुलांना घेऊन शत्रूच्या घरी? ती म्हणाली, ऐका मग. जानेवारीत तिच्या मोबाईलवर निलमला कोणी अनोळखी माणूस मेसेज करत होता. गोड गोड बोलायचा, मग फोटो पाठव म्हणून मागे लागला. पोरगी घाबरली होती. जेवत नव्हती. हे तिने पहिल्यांदा कुठे सांगितलं, तर या महिन्याच्या सुरुवातीला लाहूच्या घरी, असाच एक भाग बघून झाल्यावर, लाहूच्या बायकोला. त्यांनी संगिताला बोलावलं, कपाटातला मोबाईल काढून तिघांनी बसून तो माणूस ब्लॉक केला, तक्रार केली.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? संगिता म्हणाली, मीपण तिला तेच विचारलं. म्हणाली, पप्पांना सांगितलं तर ते मलाच लॉक करतील.

मी त्या दिवसांत टीव्हीचा पिन सांभाळत होतो.

१८ मार्च

दोन दिवस विचार केला. निष्कर्ष: सगळी चूक लाहूची. त्याने माझी मुलगी बोलती केली ती माझ्या परवानगीशिवाय. आधी पालक गट नेला, आता पोरगी. याची भरपाई घेतल्याशिवाय सोडणार नाही.

निलमला विचारलं, शाळा कशी चाललीय? म्हणाली, हो.

प्रश्न चुकला बहुतेक.

२१ मार्च

तिच्याशेजारी बसून विचारलं, ती जुळी बहीण तुला आधीच ओळखू आली होती का? निलमने माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, तिसऱ्या भागातच, ती डावखुरी आहे म्हणून. मग बोलतच सुटली. संगिताने जेवायला तीनदा हाक मारली.

हा लाहूचा डाव मी लाहूवरच उलटवलेला आहे. नोंद असावी.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

फादरांनी पाय धुण्याची बारा नावं वाचली. सगळी पालक गटातली मुलं आणि आया. लाहू नाही! झावळी इतकी जोरात हलवली की पुढच्या बाईच्या डोक्याला लागली.

माझंही नाव नाही. पण निलमचं आहे.

मग फादर म्हणाले, तांब्या लाहू धरेल आणि टॉवेल नविन.

२ एप्रिल, पवित्र गुरुवार

विवळवेढ्याच्या जत्रेमुळे हायवे जाम, जीप मुंगीच्या पावलाने. धावत चर्चमध्ये पोचलो. लाहूने माझ्यासाठी टॉवेल घडी करून ठेवला होता. हेही लक्षात ठेवलंय.

तो पाणी ओतणार, फादर पाय धुणार, मी टॉवेल देणार, असं ठरलं होतं. निलमपाशी आलो तेव्हा फादर थांबले आणि म्हणाले, हे तू पूस. गुडघे टेकले. लहानपणी आवणीच्या, भातलावणीच्या दिवसांत शेतातून यायची तेव्हा मीच पुसायचो हे पाय. चिखल कुठे अडकतो ते अजून माहीत आहे मला. आज चिखल नव्हता, तरी पुसत राहिलो. डोळ्यांत धूप गेला.

निलम वाकून हळूच म्हणाली, पप्पा, सोमवारी शेवटचा भाग आहे, लाहूकाकांकडे. या. पण तोंडातून एक शब्द फुटला तर बघा.

लाहू बाजूला तांब्या धरून उभा होता. त्याने मला विचारलंसुद्धा, अगदी कानात, नविनभाऊ, शेवटी ती माफ करते का हो? मला अजून माहीत नाही. पण मला माहीत आहे असा चेहरा करून मी गप्प राहिलो. तो अस्वस्थ झाला. दीड महिन्यात मिळालेला हा एकमेव सूड. गोड होता.

४ एप्रिल, ईस्टरच्या आदल्या दिवशी

शेवटचा भाग आज दुपारी अ‍ॅपवर येईल. लाहूच्या आधी बघायचा आणि सोमवारी तिथे नुसतं गूढ हसत बसायचं, असा पक्का बेत होता.

सकाळी निलमने माझा मोबाईल मागितला. दिला. तिने परत दिला तेव्हा अ‍ॅपला लॉक होतं.

पिन फक्त तिला माहीत आहे.