दक्षिणेची तार

४ मे, रविवार

तिन्ही क्लॅम्प उलटे आहेत. दक्षिणेच्या तारेवरचे.

सकाळी ग्रीसचा डबा घेऊन अंगणातल्या माझ्या रेडिओच्या टॉवरले चारी बाजूंनी धरणाऱ्या तारांच्या खुंट्या पाहत फिरून राहिली होती. पावसाळ्याआधी आम्ही दरवर्षी करतो — मी खाली, हे वर. दिवाळीची तपासणी यायच्या, म्हणजे आमच्या घरधन्याच्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळं राहून गेली होती, म्हणून या वेळी मी जरा बारकाईनंच पाहत होती. उत्तर ठीक. पूर्व, पश्चिम ठीक. दक्षिणेजवळ बसली आणि हातातला ब्रश हातातच राहिला.

तार कडीतून वळून परत येते. लांब बाजू सगळा ताण ओढते, आखूड टोक नुसतं पडून असते. दोन्ही पदर एकत्र दाबणाऱ्या क्लॅम्पची सपाट बैठक ओढणाऱ्या बाजूवर पाहिजे, यू-बोल्ट आखूड टोकावर. उलटं लावलं तर यू-बोल्ट ओढणाऱ्या तारेलेच चेचतो. एरवी काही दिसत नाही. वाऱ्याचं अंधड आलं की दिसते, आणि तेव्हा चाळीस फुटांचा टॉवर शेजारच्यांच्या छतावर असतो.

मले हे शिकवलं यायनंच. चौतीस वर्षं स्टील प्लांटात रिगर, अवजड सामान तारांवर चढवणारे-उतरवणारे. गँगमध्ये नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याले क्लॅम्प हातात देऊन सांगायचे, "जो ओढते त्याले बसायले मऊ जागा द्यायची." घरी मलेही तेच सांगितलं होतं, पोळ्या लाटता लाटता.

हाक मारली. "अहो, हे पाहा जरा."

आले. गुडघ्यावर हात ठेवून वाकले, बोटानं एकेक नट चाचपला. मग क्लॅम्प सोडून माझ्याकडंच पाहत राहिले. इतका वेळ, की मीच विचारलं, काय झालं?

"काही नाही," म्हणाले. "माह्याच हातून झालं असन."

पुलर लावून तारेचा ताण धरला, तिन्ही क्लॅम्प सुलटे केले, आणि चहा ठेवायले आत गेले. या वर्षी हे चहाचं नवीन खूळ आहे. मले गॅसजवळ उभंच राहू देत नाहीत.

५ मे

मारोतरावांचं असंच सुरू झालं होतं. यायचे सख्खे मोठे भाऊ. आधी चाव्या, मग गल्ली, मग नातवाचं नाव. गेल्या जूनमध्ये गेले तेव्हा बायकोले 'बाई, तुम्ही कोण' म्हणत होते.

तोच रक्ताचा धागा. मले भीती वाटते.

८ मे

ऐश्वर्याचा हैदराबादहून फोन. तिले सगळं सांगितलं. पोरीचं मराठी दोन वाक्यं टिकते, मग हिंदी. "आई, पापा को ऊपर मत चढ़ने दो. तू टॉवर ही उतरवा दे ना. इस उमर में किसको बात करनी है रेडियो पर?"

किसको म्हणजे? मले!

तिले काय सांगू. प्लांटाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडले. ह्याचा त्याले, त्याचा ह्याले. स्वतः बोलायची सोय नव्हती. मग हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, लायसन्सची परीक्षा दिली, मोर्सच्या टिकटिकीसकट. प्लांटानं दिलेल्या सेक्टरच्या क्वार्टरमध्ये खिडकीतून एक तार लोंबत होती, तिच्यावर रायपूरच्या पुढं कोणी ऐकत नव्हतं. स्मृतिनगरात घर बांधलं तेव्हा यायनं गिलावा व्हायच्या आधी टॉवरचा पाया खोदला. सुट्टीच्या दिवशी अँगल कापायचे, अंगणात वेल्डिंग करायचे. वर अँटेना बसवला आणि पहिल्याच रविवारी जपानहून एक म्हातारा उत्तर देऊन राहिला. हे काळ्या हातांनी दारात उभे.

"काय म्हणते तो?"

"म्हणते, आवाज साफ आहे."

"मग टॉवर बरोबर आहे," म्हणाले आणि हात धुवायले गेले.

१४ मे

भांडण. हे अँटेना फिरवायच्या वरच्या मोटरले ग्रीस द्यायले चढून राहिले होते. मी शिडीसमोर उभी राहिली. म्हटलं, चढायचं असन तर माझ्यावरून चढा. उतरले. नुसतं पाहिलं, त्या दिवशीसारखंच.

दुपारी यायचा सेफ्टी बेल्ट गव्हाच्या कोठीत लपवून टाकला. वर गहू ओतले.

२० मे

डॉक्टरकडं नेलं. बीपी दाखवायचं म्हणून नेलं, पण तिथं मी सरळ सांगितलं. खोटं कशाले बोलू.

आजची तारीख विचारली. शंभरातून सात-सात कमी करायले लावले. कागदावर घड्याळ काढायले सांगितलं. पाच शब्द सांगितले आणि दहा मिनिटांनी परत विचारले. यायनं सगळं बरोबर सांगितलं, शाळेतल्या पोरासारखं हात मांडीवर ठेवून. डॉक्टर म्हणाला, काकांचं डोकं एकदम ठीक आहे.

तर हे म्हणतात कसे, "आता हिलेही विचारा साहेब. जोडीनं आलो, जोडीनंच होऊ द्या."

मी उठली आणि बाहेर आली. मी इथं जीव मुठीत धरून आली आणि यायले थट्टा सुचते. घड्याळ काढता आलं म्हणून टॉवरवर चढता येते का? क्लॅम्प तर उलटेच होते. ते काही मी स्वप्नात पाहिले नाहीत.

२१ मे

आज सांगून टाकलं. लोणच्याच्या कैऱ्या फोडून राहिले होते. म्हटलं, टॉवर उतरवायचा. पावसाच्या आधी.

मले वाटलं चिडतील. चिडावं असंच वाटत होतं. अडकित्ता खाली ठेवला, हात पुसले.

"उतरवू."

"तुमाले वाईट नाही वाटत?"

"वाटते ना. कावून नाही वाटणार." मग म्हणाले, "पण मी घरी नसताना त्या तारेले कोणी हात लावला तर? उतरलेलाच बरा."

म्हणजे यायले स्वतःचाच भरवसा राहिला नाही. कोणी म्हणजे कोण, मी समजली. मोरीत नळ सोडून रडली. एकोणीस वर्षांचा टॉवर, आणि मी एका वाक्यात पाडला. तोही यायच्याच तोंडून 'हो' म्हणवून.

३० मे

कमलेश येऊन पाहून गेला. यायच्या गँगमधला सगळ्यात चांगला रिगर, अजून नोकरीत आहे. त्याले बाजूले घेऊन सांगितलं की उस्तादांचं आताशा असं-असं होते, तर रविवारी यायले बाजारात पाठवते आणि तू तुझ्या माणसांना घेऊन उतरवून टाक.

तोंडावर नाही म्हणाला. "भाभी, उस्ताद नीचे खड़े रहेंगे तो ही चढ़ूँगा. सीटी उन्हीं के हाथ में रहेगी. नहीं तो किसी और को बुला लो."

रिगरच्या कामात सीटी एकाच माणसाजवळ असते. तो वाजवील तेव्हाच तार ढिली होते, तेव्हाच ओढली जाते. ज्याच्यावर माझा भरवसा नाही त्याच्याच सीटीवर वरचा माणूस जगणार.

१ जून, रविवार

उतरला.

सकाळी बेल्ट पाहिजे म्हणाले. मी गव्हाची कोठी पार उपसली — बेल्ट नाही! हे आत गेले आणि देवघराच्या खालच्या कप्प्यातून घेऊन आले. म्हटलं, तुम्ही हलवला ना? म्हणाले, "हो, मीच." पाहा आता. हलवतात आणि सांगत नाहीत.

कोणती तार कधी सोडायची त्याचा कागद मी काल लिहून ठेवला होता. पदरात लपवून यायच्या मागं उभी राहिली. चुकले असते तर ओरडली असती. थांबा म्हणायचा हक्क कोणालेही असतो, तेही यायनंच शिकवलं आहे.

चुकले नाहीत. आधी अँटेना उतरवला, मग मोटर. मग वरचा तुकडा, त्याच्या आधी खालच्या तुकड्याले चार तात्पुरत्या तारा. सीटी, हात, सीटी. कमलेश वरून पाहतही नव्हता, नुसतं ऐकत होता. साडेतीन तासांत माझ्या कागदाची गरज एकदाही पडली नाही. घामानं शाई पसरून गेली.

शेवटचा तुकडा जमिनीवर आडवा झाला तेव्हा यायनं त्याच्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. मी जवळ गेली.

तारा गुंडाळताना कमलेश दक्षिणेची तार पाहत बसला. ती चेचलेली जागा. "ये किसने कसा था? उस्ताद का हाथ तो नहीं लगता."

"मेरा ही है," हे मधेच बोलले, एवढ्या जोरात की शेजारच्या गच्चीवरची माणसंही पाहू लागली. "चल, चाय पी ले."

जाताना कमलेश हळूच म्हणाला, "भाभी, उनका दिमाग तो आज भी चाबुक है." त्याले काय माहीत. काही दिवस चांगले जातात. मारोतरावांचेही जात होते.

२ जून

अंगणात आभाळ फार दिसते. सवय नाही.

६ जून

यायनं गच्चीपासून कडुलिंबापर्यंत एक साधी तार बांधून दिली. पंधरा फुटांवर. म्हणाले, "ही खालून बांधता येते, खालून सोडता येते. ताण नाही, काही नाही. कोणी हात लावला तरी काही होत नाही."

सकाळच्या नेटवर — रोज साडेसातले जिथं आम्ही सगळे हॅमवाले हजेरी लावतो — जबलपूरवाल्यानं ऐकलं. "मॅडम, सिग्नल बहुत नीचे है आज." म्हटलं, टॉवर उतरवला. बिलासपूरवाल्यानं विचारलं, कावून? मी सांगितलं, घरचं कारण. यायचं नाव घेतलं नाही. हे मागं चहाचा कप धरून उभे होते.

१२ जून

पाऊस लांबला. गेल्या वर्षी कधी आला होता ते पाहायले गेल्या वर्षीची वही उघडली.

'१९ जून. दुपारी मोठं अंधड. दक्षिणेची तार सरकली, टॉवर डोलून राहिला होता. हे भंडाऱ्याले, मारोतरावांच्या तेराव्याले. वाट पाहत बसली नाही. डब्यातले नवीन तीन क्लॅम्प काढले, पाना घेतला आणि मीच कसले. हात सोलले. यायले आल्यावर दाखवीन.'

अक्षर माझं आहे. चार वेळा वाचलं. मले यातलं काहीच आठवत नाही.

आत हे चहा ठेवून राहिले. मले गॅसजवळ उभं राहू देत नाहीत. कधीपासून, तेही आठवत नाही.